चालतोय ना, मग झालं?



व्याख्यानमालेत वैद्यकीय विषय ठेवायचा म्हटलं की मधुमेह, हृदयविकार, फार तर गुडघेदुखी. मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला, "डॉक्टर, नाव जरा सोपं करता येईल का?" विषय होता, मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांमधली चुकीची जोडणी आणि तिच्यावरच्या उपचारांनंतरची वर्षं. सोपं नाव काही सुचलं नाही. पण ज्या डॉक्टरांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांनी जन्मभर याच पेठेत जनरल प्रॅक्टिस केली, आणि या आजाराचा रुग्ण सर्वांत आधी ज्यांच्यापुढे येऊन बसतो ते असेच डॉक्टर असतात. म्हणून मी विषय बदलला नाही.

आधी आजार समजून घेऊ. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत मज्जारज्जू उतरतो. जाडी जेमतेम एक सेंटिमीटर. हातपाय हलवणं, स्पर्श कळणं, लघवी-शौचावर ताबा ठेवणं, हे सगळे निरोप त्याच्यातून जातात-येतात. त्याच्याभोवती ड्यूरा नावाचं चिवट आवरण असतं. धमन्या रक्त आणतात, शिरा ते परत नेतात, आणि दोघींच्या मध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. तिथे धमनीचा दाब उतरतो. आपण ज्या आजाराबद्दल बोलतोय त्यात ड्यूराच्या आवरणातच, मज्जातंतूचं मूळ जिथून बाहेर पडतं त्या जागी, एक लहानशी धमनी थेट शिरेला जाऊन मिळते. मधलं जाळं वगळलं जातं. वैद्यकीय भाषेत त्याला ड्यूरल फिश्चुला म्हणतात. मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींत हाच प्रकार सर्वाधिक, सुमारे 70 टक्के. बाईपेक्षा पुरुषात चार-पाच पट जास्त, आणि बहुतेकांची पन्नाशी उलटलेली.

आता त्या शिरेत धमनीच्या दाबाचं रक्त घुसतं, म्हणून मज्जारज्जूतलं वापरलेलं रक्त बाहेर पडायला वाट उरत नाही. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. पाणी भरपूर, पण निचरा नाही, म्हणून चिबड झालेली जमीन आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ऊस पाण्यात उभा असून पिवळा पडतो. मज्जारज्जूचं नेमकं तेच होतं. त्याला सूज येते, प्राणवायू पोचत नाही, आणि सुरुवात बहुधा सर्वांत खालच्या टोकापासून होते. चर खणून निचरा सुरू केला तरी चिबड रान पहिल्याच हंगामात पिकत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

एवढी साधी गोष्ट वैद्यकशास्त्राला उमगायला निम्मं शतक लागलं. 1926 मध्ये पॅरिसच्या फ्वा आणि आलाजुआनिन या डॉक्टरांनी दोन तरुण रुग्णांचं वर्णन केलं. पाय हळूहळू निकामी होत गेले, शेवटी मृत्यू आला. मज्जारज्जूचा भाग मेलेला होता आणि त्याच्यावरच्या शिरा फुगलेल्या, जाड भिंतींच्या होत्या. पुढे कित्येक वर्षं असा रुग्ण दिसला की डॉक्टर हात टेकत. काही शल्यविशारदांनी धाडस केलं, पण भलत्याच जागी. मज्जारज्जूच्या पाठीवर नागमोडी फुगलेल्या शिरा दिसत, तोच आजार समजून ते त्या सोलून काढत. म्हणजे निचऱ्याची उरलीसुरली वाटही बंद. रुग्ण खालावत.

1974 मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या नॅशनल हॉस्पिटलातले मायकेल अॅमिनॉफ आणि व्हॅलेंटाइन लोग यांनी म्हटलं की खरा घोटाळा शिरांमधल्या दाबाचा आहे. 1977 मध्ये केंडल आणि लोग यांनी जोडणीची जागा दाखवली. ती ड्यूरात होती, मज्जारज्जूत नव्हती. तेव्हापासून शस्त्रक्रिया आटोपशीर झाली. एक-दोन मणक्यांची मागची कमान काढायची, ड्यूरा उघडायचा, आत शिरणारी ती एकच शीर चिमटीत धरून बंद करायची आणि तोडायची. फुगलेल्या बाकीच्या शिरांना हात लावायचा नाही, कारण त्या आजारी नाहीत, बिचाऱ्या भार वाहत असतात. दुसरा मार्ग जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन जोडणीवर गोंदासारखं औषध भरण्याचा. तो कमी त्रासाचा, पण गोंद धमनीतच थांबला आणि शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचला नाही तर वाट पुन्हा उघडते. जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2004 मध्ये निघाला. त्यात एकाच प्रयत्नात जोडणी बंद होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत 98 टक्के आणि गोंदाच्या मार्गात 46 टक्के होतं. नंतर साधनं सुधारली, दुसरा आकडाही वर गेला.

98 टक्के यश. इथे व्याख्यान संपवलं तरी चालेल असं वाटावं, इतका आकडा छान आहे. पण तो जोडणीचा आकडा आहे. माणसाचा हिशेब वेगळा असतो, आणि मी आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

त्याच 1974 च्या कामात अॅमिनॉफ आणि लोग यांनी एक साधी मोजपट्टी बनवली. एका रकान्यात चाल, 0 ते 5. शून्य म्हणजे ठणठणीत, 3 म्हणजे एक काठी लागते, 4 म्हणजे दोन काठ्या किंवा कुबड्या, 5 म्हणजे उभंच राहता येत नाही. दुसऱ्या रकान्यात लघवी, 0 ते 3. शून्य म्हणजे सुरळीत, 1 म्हणजे कुंथावं लागतं किंवा घाई होते, 2 म्हणजे अधूनमधून कपड्यात होते किंवा तुंबते, 3 म्हणजे ताबा पूर्ण गेलेला. पन्नास वर्षं झाली, जगभर हीच पट्टी वापरतात. तिचं शहाणपण तिच्या साधेपणात आहे. तिने चालीइतकाच मान लघवीला दिला. आपण, म्हणजे डॉक्टर, घरचे आणि गाव, पहिला रकाना वाचतो आणि कागद मिटतो. माझी तक्रार एवढीच आहे.

एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पहिली खूण काय होती? चालताना चप्पल पायातून निसटायची आणि यांना कळायचं नाही. दहा पावलं गेल्यावर मागून कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, चप्पल!" सगळे हसायचे, तेही हसायचे. मग चालताना पाय भरून येऊ लागले. पारावर बसलं की बरं वाटायचं. कमरेचा एमआरआय झाला. साठीच्या कुठल्याही माणसाच्या कमरेत जे दिसतं तेच दिसलं, म्हणजे गादी थोडी सरकलेली. "मणक्यात गॅप आहे" असं निदान झालं. त्याच सुमारास लघवीला कुंथावं लागू लागलं, तर ते प्रोस्टेटचं ठरलं आणि त्याचं ऑपरेशनही झालं. लघवी काही सुटली नाही. एक तक्रार हाडांच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये, दुसरी लघवीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये, आणि दोन्ही फाइली एकाच पिशवीत. मग पाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याच रात्री अण्णांना उठता येईना.

यात कुणी हलगर्जीपणा केला असं मी म्हणत नाही. पाय आखडणं आणि लघवी तुंबणं या दोन्ही गोष्टींना साठीत दुसरी कारणं शंभरपट जास्त असतात. पण त्या दोन्ही एकत्र आल्या, आणि त्यातून पायाची संवेदना कमी झाली, की कमरेच्या वरचा मज्जारज्जू बघायलाच हवा. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये त्याचं शेपूट तेवढं दिसतं. अण्णांच्या जुन्या फिल्मवर अगदी वरच्या कडेला ते शेपूट पांढरं, सुजलेलं दिसत होतं. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. संपूर्ण पाठीचा एमआरआय झाल्यावर सूज आणि तिच्यामागच्या शिरांचे काळे ठिपके दिसले, आणि नंतर अँजिओग्राफी झाली. ही तपासणी किचकट असते. पाठीतून निघणारी एकेक धमनी, उजवी आणि डावी, वेगवेगळी तपासावी लागते. त्यात जोडणी सापडली. स्टेरॉइडनंतर अशा रुग्णांची अवस्था एकाएकी बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. तरीही पाय लुळे पडलेल्या माणसाला निदानाआधी स्टेरॉइड देण्याचा मोह सुटत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे. दहा लाखांत वर्षाला 5 ते 10 नवे रुग्ण, असा अंदाज सांगतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. त्या हिशेबाने आपल्या राज्यात वर्षाला पाचशे ते हजार रुग्ण व्हायला हवेत. आपली लोकसंख्या पाश्चात्त्यांपेक्षा तरुण आहे, म्हणून काही कमी धरा. तरी तालुक्यागणिक एखादा निघेल. ते सगळे कुठे आहेत? "मणक्यात गॅप" म्हणून घरी बसले आहेत, अशी मला शंका आहे. उपचार न झालेल्यांबद्दल 1974 चा अनुभव असा होता, की पायांची तक्रार सुरू झाल्यापासून तीन वर्षांत निम्मे लोक फार वाईट अवस्थेला पोचत. आणि उपचारांनंतर माणूस किती सावरतो हे बरंचसं यावरून ठरतं, की उपचाराच्या दिवशी तो कुठल्या पायरीवर होता. काठीवर आलेला काठी टाकतो. अंथरुणाला खिळलेला काठीपर्यंत येतो, पण नेहमीच येतो असं नाही.

अण्णांची शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुढच्या आठवड्यात पाय आणखी जड झाले आणि घरात रडारड सुरू झाली. हे होऊ शकतं. दाब एकदम उतरला की फुगलेल्या शिरांमध्ये रक्त गोठू लागतं. जोडणी खरोखर बंद आहे ना हे पाहून काही रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधं देतात. घरच्यांना ही शक्यता आधी सांगून ठेवलेली असेल तर निम्मा घोर कमी होतो. आमच्याकडे ती सांगायला सहसा कुणाला वेळ नसतो.

मग सुरू होतो तो लांबचा पल्ला. सुधारणेला एक क्रम असतो. आधी ताकद, मग संवेदना, आणि लघवी सर्वांत शेवटी. बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षात होते, काहींची त्यानंतरही थोडी थोडी होत राहते. एमआरआयवरची सूज ओसरणं आणि पायातली ताकद येणं हातात हात घालून चालतातच असं नाही. फिल्म सुधारली आणि माणूस तिथेच, किंवा माणूस चालायला लागला आणि फिल्म तशीच, असं दोन्ही मी पाहिलं आहे.

अण्णा वर्षभरात अंथरुणावरून काठीवर आले. पट्टीवर 5 चे 3. पेढे वाटले गेले. गावात जो भेटेल तो म्हणायचा, "चालताय ना, मग झालं!" आणि अण्णांनी लग्नाकार्यांना जाणं बंद केलं. घरून निघायच्या आधी तीन तास पाणी पीत नसत. एसटीच्या रस्त्यावर कुठल्या थांब्याला मुतारी आहे, तिला दार आहे का, आडोसा कुठे आहे, सगळं तोंडपाठ. पाणी कमी पिण्याने लघवीत जंतू झाले, थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या रकान्यात 3 चे 2 झाले होते, तेवढंच. विचारलं कुणीच नव्हतं.

त्यांना लघवी आपली आपण नळीने काढायला शिकवलं. दवाखान्यात सगळे याला सीआयसी म्हणतात. मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडीस यांनी 1972 मध्ये हे प्रसिद्ध केलं, आणि त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी. लघवी तुंबून मूत्राशय ताणला जाणं हेच जास्त घातक. म्हणजे साबणाने हात धुवायचे, नळीला जेली लावायची, सावकाश घालायची, लघवी पूर्ण काढून घ्यायची, नळी बाहेर. दिवसातून चार-सहा वेळा, एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. शिकायला दोन-चार दिवस लागतात. मनाची तयारी व्हायला फार जास्त. अण्णांच्या मंडळींनी आधी शिकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नाही केलंत तर मी करीन." त्या धाकाने ते शिकले. नळी, जेली आणि छोटी साबणवडी असलेली रेक्झिनची पिशवी घेऊन पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस मुक्कामाला गेले. माझ्या लेखी ती खरी सुधारणा, आणि ती पट्टीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणखी काही गोष्टी अशाच न विचारलेल्या राहतात. पायांची आग. रात्री अंथरुणात पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे होतात, चादर लागली तरी सहन होत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा याला उपयोग नसतो. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी औषधं द्यावी लागतात, तीही हळूहळू वाढवत, आणि झोपेची गुंगी सांभाळत. स्नायू आखडतात. त्यासाठीचं बॅक्लोफेन एकदम बंद करायचं नसतं. शिवाय थोड्या आखडण्यावरच काही जण उभे राहतात, ते पूर्ण घालवलं तर पाय दुमडतात. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. आपल्याकडे पाय दुखला की गरम पाण्याची पिशवी आलीच, आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकलेली पोटरी तर मी वरचेवर पाहतो. मांडी घालून पंगतीला बसता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे देशी संडास म्हणजे रोजची परीक्षा. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर कुणीच तोंड उघडत नाही. रुग्ण पन्नाशी-साठीतला, तेव्हा "आता काय त्याचं," असं डॉक्टरच परस्पर ठरवून टाकतात. या तक्रारीवर औषधं आहेत आणि काहींना ती लागू पडतात. विचारलं तर.

या सगळ्यांसाठी संस्था नाहीत असं नाही. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खडकीला जखमी सैनिकांचं पॅराप्लेजिक केंद्र आहे. आपल्याच जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यापुढे आपण सगळेच नतमस्तक आहोत. पण हे उदाहरण अण्णांना कुणी ऐकवलं की ते गप्प होत. गोळीला तारीख असते, अपघातालाही. या आजाराला तारीख नसते. "काय झालं होतं?" या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून पाहुण्यांना तो आळस वाटतो, विमावाल्याला जुना आजार वाटतो, आणि काठीवर चालणारा माणूस अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत उभा राहिला की समोरचे म्हणतात, चालतोय की! 2016 च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं. पाय डोळ्यांना दिसतात. मूत्राशय दिसत नाही.

तरुण वयात मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचा गुंता असणारा आणखी एक प्रकार आहे. त्यात बहुधा रक्तस्राव होतो, सुरा खुपसल्यासारखी पाठीत कळ येते आणि काही तासांत पाय जातात. तो गुंता पूर्ण काढणं अनेकदा शक्य नसतं, धोका कमी करण्यावर समाधान मानावं लागतं. त्याच्यासाठी स्वतंत्र व्याख्यान लागेल. इथे एवढंच, की त्या मुलामुलींपुढे चाळीस-पन्नास वर्षं असतात, आणि घरातल्या बाथरूमपासून नोकरीपर्यंतचे प्रश्न तेच असतात.

शेवटी, बरा झालेला रुग्ण पुन्हा खालावू शकतो. जोडणी पुन्हा उघडलेली असू शकते, विशेषतः गोंदाने बंद केली असेल तर. किंवा जोडणी बंद असूनही काहींची चाल वर्षांनी थोडी मंदावते. घरी मात्र याचं एकच स्पष्टीकरण तयार असतं, वय झालं.

म्हणून या सभागृहात बसलेल्यांना, आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना, विनंती. एमआरआय आणि अँजिओग्राफीच्या फिल्म, सीडी आणि शस्त्रक्रियेचा कागद एका फाइलीत ठेवा, आणि दर खेपेला तीच फाइल दाखवा. चाल नव्याने बिघडली तर कमरेच्या डॉक्टरकडे न जाता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे जा, आणि आधीचा आजार सांगितल्याशिवाय पाठीत इंजेक्शन घेऊ नका. मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी एकदा करून घ्या, वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन तपासा, कारण तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडापर्यंत जातो आणि तिथे दुखत नाही. आणि गावातल्या माझ्या डॉक्टर मित्रांनो, पाय जड झालेला पन्नाशीचा माणूस पुढे येऊन बसला, की गुडघ्यावर हातोडी मारण्याआधी त्याला लघवीबद्दल विचारा. घरचे बाहेर गेल्यावर विचारा, नाहीतर तो खरं सांगणार नाही.